कोर्टातला स्कॉट

जेडबर्ग हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचं लहानसं गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे फिरतं न्यायालय भरायचं आणि नवी सनद घेतलेले वकील चार पैसे सुटतील या आशेने एडिनबरोहून तिथवर जायचे. अशाच एका तरुण वकिलाच्या वाट्याला एक अट्टल घरफोड्या आला. खटला हरला. अशिलाच्या खिशात फी द्यायला दमडी नव्हती, तेव्हा त्याने वकीलसाहेबांना फीऐवजी व्यवसायातले दोन सल्ले दिले. घराबाहेर मोठा कुत्रा बांधू नका, त्याला गप्प करणं आम्हाला सोपं जातं. त्यापेक्षा घरात एखादं लहानसं, सारखं केकाटणारं कुत्रं ठेवा. आणि नव्या पद्धतीच्या नाजूक कुलपांवर विसंबू नका. जुनं, जडशीळ, गंजक्या किल्लीचं कुलूप दिसलं की आमची खरी पंचाईत होते.

वकिलाचं नाव वॉल्टर स्कॉट. त्याचा जावई आणि चरित्रकार लॉकहार्ट याने हा किस्सा लिहून ठेवला आहे. लॉकहार्टला प्रसंग रंगवायची सवय होती, पण जेडबर्गच्या या फीची गंमत स्कॉट स्वतःच उतारवयात जेवणाच्या पंगतीत सांगायचा.

इंग्रजीतल्या ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणून स्कॉट आपल्याला माहीत असतो. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) किंवा हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या यांची चर्चा निघाली की समीक्षक त्याचं नाव हमखास घेतात. मात्र हा माणूस पूर्णवेळ लेखक कधीच नव्हता, हे त्या चर्चेत राहून जातं. पंधरावं वर्ष पुरं व्हायच्या आत तो वडिलांच्या कचेरीत उमेदवारीला बसला आणि एकोणसाठाव्या वर्षी कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झाला. मधली सगळी दीर्घकाव्यं आणि कादंबऱ्या कोर्टाच्या वेळा सांभाळून लिहिलेल्या आहेत. पोटासाठी वकिली आणि मनासाठी साहित्य, अशी सोयीची वाटणी आपण बऱ्याच लेखकांच्या बाबतीत करतो. स्कॉटला ती लागू पडत नाही. त्याच्या कादंबरीचा कच्चा माल कोर्टातूनच आलेला आहे.

हे समजायला आधी स्कॉटलंडची एक खासियत लक्षात घ्यावी लागते. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले, स्कॉटलंडची संसद बरखास्त झाली, पण कायदा आणि न्यायालयं मात्र स्कॉटलंडची स्वतःचीच राहिली. हा कायदा इंग्लंडच्या कायद्याहून वेगळा, रोमन कायद्याच्या वळणाचा. एडिनबरोत जिथे संसद भरायची त्याच इमारतीत उच्च न्यायालय भरत राहिलं आणि संसदेच्या जुन्या दिवाणखान्यात काळे झगे घातलेले वकील अशिलांची वाट पाहत येरझाऱ्या घालू लागले. राज्य गेलेल्या देशाकडे स्वतःचं म्हणून जे थोडं उरलं होतं, त्यात कायदा हा फार मोठा भाग होता. जमिनीचे जुने कागद, सरदार घराण्यांची भांडणं, बंडात जप्त झालेल्या इस्टेटी, कुणाचं कूळ कुणाच्या जमिनीवर कधीपासून बसलं आहे, हा सगळा इतिहास वकिलांच्या दप्तरांत बांधलेला होता.

स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१चा. वडील सॉलिसिटर, शिस्तीचे आणि धर्मभीरू. दीड वर्षाचा असताना मुलाला आजार झाला, बहुधा पोलिओ, आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठी त्याला सीमेवरच्या आजोबांच्या शेतावर पाठवलं. तिथे जुन्या चढायांची आणि दरोड्यांची गाणी त्याच्या कानावर पडली. ही गोष्ट सगळे चरित्रकार आवडीने सांगतात. त्यानंतरच्या उमेदवारीच्या वर्षांना मात्र ते दोन ओळींत उरकतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

१७८६पासून पाच वर्षं स्कॉट वडिलांच्या कचेरीत नकला उतरवत होता. नकलेला पानागणिक पैसे मिळत, आणि ते पुस्तकांवर व नाटकांवर खर्च होत. एकदा तर जेवणाखाण्याला न उठता एका बैठकीत मोठ्या आकाराची एकशे वीसच्या वर पानं उतरवल्याचं त्याने आत्मकथनात लिहिलं आहे. या कारकुनी बैठकीने त्याच्या हाताला जे वळण लावलं, ते पुढे फार कामाला आलं.

कचेरीत नुसते कागद येत नव्हते, माणसंही येत होती. इन्व्हरनाहाइलचे स्टुअर्ट हे वडिलांचे जुने अशील. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून १७१५ आणि १७४५ साली झालेल्या दोन्ही बंडांत ते तलवार घेऊन उतरलेले. लढाईत आपण एका इंग्रज बाजूच्या अधिकाऱ्याला जीवदान दिलं आणि बंड मोडल्यावर त्याच अधिकाऱ्याने आपल्यासाठी सरकारदरबारी रदबदली केली, ही त्यांची हकिकत पोरसवदा स्कॉटने त्यांच्याच तोंडून ऐकली. ‘वेव्हर्ली’ या पहिल्या कादंबरीत ती जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. स्कॉटिश डोंगराळ मुलुखाच्या अंतर्भागात तो पहिल्यांदा शिरला तोही कोर्टाच्या कामाने. मॅक्लॅरन नावाच्या कुळांना जमिनीवरून उठवण्याचा हुकूम बजावायचा होता. मुलूख बेभरवशाचा, म्हणून सोबत स्टर्लिंगच्या किल्ल्यातला एक सार्जंट आणि सहा शिपाई. वाटेत सार्जंटाने रॉब रॉय या डोंगरी लुटारूच्या कथा सांगितल्या. मुक्कामी पोचून पाहतात तो मॅक्लॅरन मंडळी घर सोडून अमेरिकेला निघून गेलेली! हुकूम कुणावर बजावायचा? पण भावी कादंबरीकाराला ‘रॉब रॉय’ मिळून गेला.

१७४५चं बंड मोडल्यानंतर, १७४७च्या एका कायद्याने, डोंगरी सरदारांचे खासगी न्यायाधिकार काढून घेतले गेले. तोवर हे सरदार आपल्या मुलखात स्वतः न्यायनिवाडा करत. एका पिढीत टोळीचा माणूस खंड भरणारं कूळ झाला. इतिहास म्हणजे लढाया नव्हेत, एक कायदा जाऊन दुसरा येताना मधल्या माणसांचं जे होतं तो इतिहास, ही स्कॉटची दृष्टी इथली आहे.

११ जुलै १७९२ रोजी त्याला सनद मिळाली. वकील म्हणून तो चमकला नाही. पहिल्या वर्षी त्याची कमाई साधारण २४ पौंड होती, पाचव्या वर्षी ती १४४वर गेली. वाद घालण्यापेक्षा दिवाणखान्यातल्या शेकोटीपाशी गोष्टी सांगण्यात त्याचा लौकिक जास्त. त्याने मग शहाणपणाने दोन कायमच्या जागा मिळवल्या. १७९९च्या डिसेंबरात तो सेलकर्कशायरचा शेरीफ झाला, वर्षाला ३०० पौंडांवर. हे मुंबईच्या शेरीफसारखं मानाचं पद नव्हे. स्कॉटलंडचा शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा न्यायाधीशच. कुंपणाची भांडणं, उधारीचे दावे, मारामाऱ्या, चोरून धरलेले मासे, असलं सगळं त्याच्यापुढे यायचं. हे पद त्याने मरेपर्यंत सांभाळलं. सेलकर्कला त्याचं कोर्ट आजही जपून ठेवलेलं आहे.

दुसरी जागा १८०६ साली मिळाली ती उच्च न्यायालयातल्या प्रमुख लिपिकाची. न्यायाधीशांच्या समोर खाली टेबलाशी बसायचं, प्रकरणाचे कागद तयार ठेवायचे आणि न्यायाधीश जे ठरवतील ते बिनचूक शब्दांत नोंदवायचं. पदाच्या नावात ‘क्लार्क’ असलं तरी मान आपल्याकडच्या शिरस्तेदारापेक्षा बराच वरचा. पहिली सहा वर्षं फुकट काम, कारण जुना अधिकारी पगार घेतच राहील असा करार होता. १८१२पासून वर्षाला १,३०० पौंड सुरू झाले. वर्षातले सहा महिने कोर्ट, तेही रोजचे चार ते सहा तास. साहित्याच्या उत्पन्नावर पोट अवलंबून ठेवायचं नाही, असा त्याचा निश्चय होता. तो पाळला असता तर बरं झालं असतं, पण त्याबद्दल पुढे.

तोवर तो कवी म्हणून गाजला होता. ‘मार्मियन’ या काव्याला प्रकाशकाने हजार गिनी दिल्या होत्या. कादंबरीचं मात्र त्याने गुपित राखलं. १८०५ साली सुरू करून अडगळीत टाकलेलं ‘वेव्हर्ली’चं हस्तलिखित मासेमारीचं सामान शोधताना हाताला लागलं, आणि १८१४च्या जूनमध्ये, कोर्ट चालू असतानाच, त्याने शेवटचे दोन खंड तीन आठवड्यांत संपवले. पुस्तकावर लेखकाचं नाव नव्हतं. त्याने एका मित्राला पत्रात जे कारण कळवलं ते मजेदार आहे. उच्च न्यायालयाच्या अधिकाऱ्याने कादंबऱ्या लिहिणं लोकांना शोभेसं वाटेल की नाही याची त्याला शंका होती. कविता चालतात, कादंबरी नाही! हे गुपित तेरा वर्षं टिकलं. तोंडावर कुणी विचारलं तर तो सरळ नाही म्हणायचा. १८२७च्या फेब्रुवारीत एडिनबरोतल्या एका जाहीर मेजवानीत त्याने कबुली दिली.

१८१४च्या त्या जून महिन्यातलीच आणखी एक हकिकत. स्कॉटच्या कॅसल स्ट्रीटवरच्या घराच्या मागच्या बाजूला दुसऱ्या एका घरी काही तरुणांची मैफल जमली होती. त्यांतला एकजण अस्वस्थ होऊन जागा बदलून बसला. समोरच्या खिडकीत एक हात दिसत होता, नुसता हात. तो लिहितोय, पान पुरं करून ढिगावर टाकतोय, पुन्हा लिहितोय. रोज संध्याकाळी हेच, दिवे लागले तरी थांबत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, असेल एखादा बिचारा नकला उतरवणारा कारकून. यजमानाने सांगितलं, कारकून नाही, तो वॉल्टर स्कॉटचा हात आहे. कारकून म्हणणाऱ्याचंही फारसं चुकलं नव्हतं, असं मला वाटतं. वडिलांच्या कचेरीत एकशे वीस पानं उतरवणारा हात तो हाच.

कायदा त्याच्या लेखनात कसा मुरला होता हे पाहायला ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ (१८१८) पुरेशी आहे. तिचा कणा १६९० सालचा स्कॉटिश संसदेचा एक भयंकर कायदा. एखाद्या बाईने गरोदरपण शेवटपर्यंत लपवलं, बाळंतपणात कुणाला मदतीला बोलावलं नाही, आणि मूल मेलेलं सापडलं किंवा सापडलंच नाही, तर तिने मुलाचा खून केला असं धरूनच चालायचं. खून सिद्ध करण्याची सरकार पक्षाला गरज नाही. या कायद्यात एकच फट होती. बाईने आपल्या अवस्थेबद्दल एका जरी माणसाला सांगितलेलं असलं, तर ‘लपवलं’ ही अट मोडते आणि खटला उभाच राहत नाही.

एफी डीन्स या कोवळ्या मुलीवर हा आरोप आहे. तिचं मूल नाहीसं झालंय. थोरली बहीण जीनी हिने साक्षीत एक वाक्य सांगायचं, ‘एफी मला बोलली होती,’ की फाशी टळते. खोटं ठरवणारं कुणीही नाही. बंद दाराआड दोघीच होत्या. वडील धर्माने कडवे, बहिणीवर जीव ओवाळणारी जीनी त्याच धर्मात वाढलेली. देवाची शपथ घेऊन खोटं बोलणं तिला शक्य नाही. स्कॉटने साक्षीचा प्रसंग ज्या तपशिलाने लिहिलाय, तो कोर्टात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसालाच जमावा. एफीचा वकील एकदम मुद्द्यावर येत नाही. बहिणीची तब्येत उतरलेली दिसली का, तिला त्याबद्दल विचारलं का, अशा पायऱ्यांनी तो साक्षीदाराला त्या एका उत्तरापाशी आणतो. सगळं कोर्ट त्या उत्तराकडे डोळे लावून बसलंय, आणि जीनी सांगते की ती मला काहीच बोलली नाही. म्हातारा बाप तिथेच कोसळतो.

जूरी दयेची शिफारस करते, पण शिक्षा मृत्यूची. मग हीच जीनी राजाची माफी मिळवायला जवळजवळ सगळी वाट पायी तुडवत लंडन गाठते. बहिणीसाठी खोटा शब्द बोलणार नाही, पण शेकडो मैल चालेन, हा तिचा हिशेब. आणि स्कॉटमधल्या वकिलाने कायद्यावर खरा वार केलाय तो पुढे: मूल जिवंत असतं! न झालेल्या खुनासाठी कायद्याने एका मुलीला फासावर चढवायची सगळी तयारी केली होती. कायदा किती वाईट आहे यावर तो भाषण देत नाही. उलट न्यायाधीश, जूरी, दोन्हीकडचे वकील सगळे सज्जन दाखवलेत. प्रत्येकजण आपलं काम चोख करतो. बार्टोलीन सॅडलट्री नावाचा एक खोगीरवालाही आहे, धंदा सोडून दिवसभर कोर्टात बसणारा आणि अर्धवट लॅटिन फेकणारा. असा एखादा आपल्याकडच्या प्रत्येक तालुका कोर्टाच्या आवारात अजून सापडेल.

हा कायदा १८०९ साली रद्द झाला होता, म्हणजे स्कॉटने मेलेल्या कायद्यावर लिहिलं. जीनी मात्र खरी होती. हेलन वॉकर नावाच्या गरीब बाईने बहिणीसाठी हेच केलं होतं. एका वाचक बाईने ती हकिकत स्कॉटला पत्राने कळवली. १८३१ साली स्कॉटने हेलनच्या समाधीवर स्वखर्चाने शिळा बसवली. ज्या तुरुंगाच्या टोपणनावावरून कादंबरीला नाव मिळालं, तो एडिनबरोचा जुना तुरुंग १८१७ साली पाडला तेव्हा त्याचं दार स्कॉटने ॲबट्सफोर्डला आणून आपल्या घराच्या भिंतीत बसवलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ (१८१९)ची मूळ हकिकत तर खुद्द स्कॉटिश कायद्याच्या देव्हाऱ्यातली. स्कॉटलंडच्या कायद्याचा पायाभूत ग्रंथ १६८१ साली प्रसिद्ध करणारे जेम्स डॅलरिम्पल, म्हणजे लॉर्ड स्टेअर, यांच्या मुलीचं मनाविरुद्ध लग्न लावलं गेलं आणि त्यातून अनर्थ झाला, अशी दंतकथा होती. स्कॉटने त्यातून एक वकिली डोक्याचा बाप उभा केला. जुन्या सरदाराची जमीन त्याने तलवारीने नाही, कज्ज्यांनी गिळलीय. ‘रेडगॉन्टलेट’मधला पीटर पीबल्स हा त्याचा विनोदी जोडीदार, पिढीभर चाललेल्या दाव्यात घरदार आणि अक्कल दोन्ही घालवून बसलेला. त्या नावाचा खराखुरा पक्षकार होता आणि स्कॉट स्वतः एकदा त्याच्या बाजूने वकील म्हणून उभा राहिला होता.

आता त्या मोडलेल्या निश्चयाकडे. स्कॉट हा बॅलंटाइन यांच्या छापखान्याचा छुपा भागीदार होता. कागदात बोटभरही फट राहू नये म्हणून आयुष्यभर कलमं लिहिणारा हा माणूस स्वतःच्या व्यवहारात हुंड्यांवर सह्या करत सुटला आणि ॲबट्सफोर्डची जमीन वाढवत राहिला. १८२६च्या सुरुवातीला लंडनच्या एका पेढीबरोबर त्याचा प्रकाशक कॉन्स्टेबल बुडाला, पाठोपाठ छापखाना. स्कॉटच्या डोक्यावर सव्वा लाख पौंडांच्या आसपास कर्ज आलं.

इथे त्याला कायद्याचं ज्ञान दोन्ही बाजूंनी उपयोगी पडलं. दिवाळं जाहीर करून आहे ते धनकोंच्या हवाली करावं आणि मोकळं व्हावं, हा रस्ता उघडा होता. तो त्याने नाकारला. सगळं उत्पन्न आणि पुढचं सगळं लेखन विश्वस्तांकडे सोपवून कर्ज पै न् पै फेडायचं त्याने ठरवलं. याबद्दल त्याची आरती ओवाळणारे एक गोष्ट बऱ्याचदा सांगत नाहीत. दिवाळ्याच्या वर्षभर आधी मुलाच्या लग्नात त्याने ॲबट्सफोर्डची इस्टेट मुलाच्या नावे बांधून दिली होती. हा करार मोडावा असं काही धनकोंना वाटत होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सर्वांनी अखेर विश्वस्तव्यवस्था मान्य केली, आणि स्कॉट लिहायला बसला. नऊ खंडांचं नेपोलियनचं चरित्र १८२७ साली आलं, त्याचे १८,००० पौंड मिळाले.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत लंडनच्या एका सावकारी पेढीने विश्वस्तव्यवस्था झुगारून स्कॉटला अटक करवण्याची धमकी दिली. एडिनबरोत होलीरूड मठाच्या परिसरात ऋणकोला आसरा मिळे. त्या हद्दीत कर्जासाठी कुणाला पकडता येत नसे. छप्पन्न वर्षांचा सर वॉल्टर तिथे खोली घेऊन राहायची तयारी करू लागला. सर विल्यम फोर्ब्ज या मित्राने गुपचूप ती रक्कम भरली आणि प्रसंग टळला. गंमत अशी की याच सुमाराला प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॉनिकल्स ऑफ द कॅननगेट’ या संग्रहाचा निवेदक एकेकाळी होलीरूडच्या त्या हद्दीत कर्जापायी राहिलेलाच दाखवलाय.

कर्जाचे हप्ते जात राहिले. १८३०च्या डिसेंबरात धनकोंनी कृतज्ञतेने ॲबट्सफोर्डमधली पुस्तकं, भांडी आणि सामानसुमान त्याला परत भेट दिलं. त्याआधी महिनाभर तो कोर्टातून ८०० पौंड निवृत्तिवेतनावर बाहेर पडला होता. एव्हाना त्याला अर्धांगाचे झटके येत होते. शेवटच्या कादंबऱ्या थकलेल्या हाताच्या आहेत, त्या वाचवत नाहीत; कर्ज फेडण्याची काही किंमत वाचकांनीही मोजली. २१ सप्टेंबर १८३२ रोजी तो गेला तेव्हा निम्म्याहून अधिक कर्ज फिटलं होतं, आणि उरलेलं कॉपीराइटच्या बळावर १८४७पर्यंत फिटलं.

आज स्कॉट वाचायचा तर ‘वेव्हर्ली’पासून सुरुवात करू नये, तिची पहिली प्रकरणं फार रेंगाळतात. ‘क्रॉनिकल्स’मधली ‘द टू ड्रोव्हर्स’ ही छोटी कथा घ्यावी. गुरांचे दोन व्यापारी, एक स्कॉटिश डोंगरी आणि एक इंग्रज, जिवलग मित्र. कुरणावरून गैरसमज होतो, इंग्रज मित्र डोंगऱ्याला खानावळीत चारचौघांत ठोसे लगावतो आणि मग हात पुढे करतो. त्याच्या लेखी भांडण संपलं. डोंगऱ्याच्या लेखी अब्रू गेली. सुरा जवळ नाही, तो चालत जाऊन आणतो आणि मित्राला भोसकतो. शेवटी इंग्रज न्यायाधीश जूरीला समजावतो: त्याच क्षणी रागाच्या भरात वार केला असता तर गुन्हा हलका ठरला असता, पण मधे दोन तास गेले होते. डोंगऱ्याच्या मुलखात अपमान असाच धुतला जातो हेही न्यायाधीश कबूल करतो, त्याबद्दल हळहळतो आणि फाशी देतो. ही तीस-चाळीस पानं वाचल्यावर ‘मिडलोथियन’ हातात घ्यावी, जाड असली तरी.